तपकिरी डब्यावरची पणती

मी गाव सोडलं ते नेमकं बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी. विमान मुंबईहून, म्हणून सकाळीच निघालो आणि जीप बाजारातच अडकली. पुढे बैल भरलेला टेम्पो, मागे मोटारसायकली आणि मधे मी, भर मे महिन्यात लोकरी स्वेटर घालून, कारण तो बॅगेत मावला नव्हता. बेल्ह्यापर्यंत सोडायला आलेली आई जीपच्या खिडकीला धरून चालत होती. जीपपेक्षा तिचाच वेग जास्त होता. "पोरी, जाशील तिथं नीट ऱ्हा. कुनाचं बोलून घिऊ नगं," ती म्हणाली. मग टेम्पो हलला, जीप सुटली आणि खिडकीवरचा तिचा हातही सुटला. आळेफाट्यापर्यंत मी हुंदके देत होते. तिथं स्वेटर काढला, उसाचा रस प्यायले आणि जरा बरं वाटलं.

हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीचं. नवऱ्याला, संजयला, जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात नोकरी लागली होती. तुम्ही गावाकडची मंडळी फोनवर मला आधी थंडीचं विचारायचात, मग जेवणाचं. माझ्यासारखे जे बाहेर पडले, ते यावर हसतील. परक्या देशात थंडी सोसता येते, बटाटे खाता येतात. माणूस रडकुंडीला येतो तो कचऱ्यापायी.

आपल्याकडे कचरा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. भाजीची देठं, राख, शेण, गोठ्यातला काडीकचरा हे सगळं घरामागच्या उकिरड्यावर, आणि उन्हाळ्यात तेच खत होऊन शेतात. फाटकं लुगडं वाकळेत, तेलाचा रिकामा डबा तुळशीला, बाटल्या भंगारवाल्याला. टाकायचं म्हणून काही उरतच नसे. आणि इथे घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी मला चार डब्यांसमोर उभं केलं. तपकिरी डब्यात भाजीपाल्याचा कचरा, निळ्यात कागद, काळ्यात उरलंसुरलं, प्लास्टिक पिवळ्या पिशवीत. काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या टाक्यांत, त्याही रंग बघून, आणि दुपारी किंवा रविवारी अजिबात नाही, कारण बाटली फुटल्याच्या आवाजानं लोकांची झोप मोडते. शिवाय जिना आणि फुटपाथ झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी. आमच्या दाराला ती पहिल्यांदा लागली तेव्हा मला वाटलं, आपला कसला तरी सत्कार आहे.

ही पाटी लावायचं काम आमच्या शेजारीण, तळमजल्यावरच्या फ्राऊ केलर यांचं. फ्राऊ म्हणजे बाई. वय सत्तरीचं, पाठ ताठ आणि नजर थेट डब्यात. मी चहाची पिशवी दोऱ्यासकट तपकिरी डब्यात टाकली, तर त्या ती चिमट्यात धरून वर आल्या आणि त्यावरची धातूची बारीक पिन मला दाखवली. रागावल्या नाहीत. पण त्या दिवसापासून मी केळ्याचं सालसुद्धा इकडेतिकडे बघून टाकायला लागले.

काही वर्षांनी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात आई आली, बाळंतपण उरकून थंडी संपवून जायचं ठरवून. तोवर एसटीनं घोडेगावच्या पुढे न गेलेली ती एकटी विमानात बसून आली. दोन बॅगा, त्यातली एक मेथीदाण्याचे लाडू, डिंक, खारीक आणि मातीच्या पणत्यांनी भरलेली. मला इतका आनंद झाला होता की विमानतळावर मी तिच्या आधी बॅगेलाच मिठी मारली.

पण आठवड्यातच तिचं तोंड उतरलं. मला ती काडी हलवू देत नव्हती, म्हणून डब्यांचं कामही तिनंच हातात घेतलं, आणि तिला रंगांचं कोडं काही सुटेना. एकदा तिनं गव्हाच्या कोंड्याची प्लास्टिकची पिशवी तशीच तपकिरी डब्यात टाकली. गाडी आली, डबा न उचलताच गेली आणि झाकणाला लाल चिठ्ठी लावून गेली. गल्लीतल्या सगळ्यांचे डबे रिकामे, आमचाच भरलेला. फ्राऊ केलर दारात उभ्या राहून ती चिठ्ठी वाचत होत्या. आईला जर्मन कळत नव्हतं, पण लाल रंग कळत होता.

"माझ्यापायी तुला घराबाहीर काढतील," ती म्हणाली. मी लाख समजावलं. ती ऐकेना. "हितं माझा उपेग न्हाई. खरकटं टाकायचीबी अक्कल न्हाई मला. जावयबापूंना म्हणावं, माझं माघारीचं तिकीट लवकरचं करा." आणि तिनं बॅग भरली. चेन तुटली होती ती सुतळीनं बांधली आणि बॅग दाराशी ठेवली. फक्त दिवाळी करून जाईन म्हणाली. मी वरवर हसण्यावारी नेलं. पहिलटकरीण, परका मुलुख, दवाखान्यात सगळे बोलणार जर्मनमध्ये. मला माझी आई हवी होती, बाकी काही नको होतं.

दिवाळी आली. सकाळी अभ्यंगस्नान झालं, डालड्याशिवायचे शंकरपाळे झाले. संध्याकाळी आईनं पणत्या लावल्या. एक तुळशीच्या कुंडीत, एक उंबऱ्यावर. मग एक पदराआड धरून ती जिन्यानं खाली गेली. मला वाटलं, अंगणात ठेवणार असेल. आपल्याकडे दिवाळीत गोठ्यात दिवा ठेवतात आणि उकिरड्यावरही ठेवतात, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. आईनं तपकिरी डबा शोधला आणि त्याच्या झाकणावर पणती ठेवून हात जोडले.

डबा प्लास्टिकचा. झाकण मऊ पडलं, पणती कलली, तेल सांडलं आणि पेटलं. मी खिडकीतून ओरडेपर्यंत फ्राऊ केलर झाडांना पाणी घालायची झारी घेऊन धावल्या आणि त्यांनी सगळी झारी दिव्यावर रिकामी केली.

आई पांढरीफटक पडली. सणाचा दिवा, तोही लेकीच्या अवघडलेल्या दिवसांत, कुणीतरी पाणी ओतून विझवला. ती वर आली आणि सुतळीनं बांधलेल्या त्या बॅगेजवळ जमिनीवर बसली. मी तिच्याजवळ बसले. आता ही थांबत नाही, हे मला कळून चुकलं होतं.

दारावर टकटक झाली. फ्राऊ केलर. हातात विझलेली पणती, पुसून स्वच्छ केलेली. "हे डब्यावर कशासाठी?" त्यांनी विचारलं. मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये सांगितलं की गावाकडे घरामागे शेणाचा आणि कचऱ्याचा ढीग असतो, त्याचं खत होतं, त्यावर शेत पिकतं, म्हणून सणाला तिथेही दिवा लावतात. इथे ढीग नाही. आईनं त्यातल्या त्यात जवळचं ते निवडलं.

फ्राऊ केलर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा चेहरा एकदम पोरीसारखा झाला. त्यांच्या माहेरी, डोंगरातल्या खेड्यात, शेणाचा ढीग घराच्या पुढेच असायचा म्हणाल्या, रस्त्यावरून दिसेल असा. त्यांची आजी त्याच्या कडा फावड्यानं सारख्या करायची. ढीग जेवढा मोठा तेवढी गाईगुरं जास्त, आणि मुलीला मागणी घालायला आलेले लोक आधी तोच बघायचे.

मी हे आईला मराठीत सांगितलं. आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे नाही, थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अवो बाई, माझ्या बापानं तर उकिरडा बघूनच मला दिली! नवरा मागनं बघितला!"

याचं भाषांतर करताना मलाच हसू आवरेना. फ्राऊ केलर इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्या उठल्या, आईचा हात धरला आणि दोघी खाली गेल्या. मी पोट सांभाळत मागून. त्यांनी डब्याशेजारी फरशीचा एक तुकडा ठेवला, त्यावर पणती. तेल आईनं घातलं, वात आईनं वळली. काडी मात्र फ्राऊ केलर यांनी ओढली.

आई बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिली. "तिच्याच हातानं लागला गं," ती म्हणाली. "लई ग्वाड झालं."

झाकणाला पडलेल्या भोकाबद्दल नगरपालिकेला फोन फ्राऊ केलर यांनीच केला. कुणीतरी जळती सिगारेट ठेवली असावी, असं त्या गंभीरपणे सांगत होत्या. मला वाटतं, कचऱ्याच्या बाबतीत आयुष्यात त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या. त्यानंतर दुपारी दोघी अंगणात उभ्या दिसायच्या, एक जर्मनमध्ये आणि एक बेल्ह्याच्या मराठीत बोलत, मधे चार डबे. आईला रंग पाठ झाले. पुढे पुढे तर ती संजयलाच ओरडायला लागली.

आणि मग मोठ्या सामानाचा दिवस आला. वर्षातून दोनदा लोक मोडक्या खुर्च्या, गाद्या, कपाटं सकाळी फुटपाथवर काढून ठेवतात आणि नगरपालिकेची गाडी येऊन घेऊन जाते. संजय जुनी गादी जिन्यावरून खाली ढकलत होता आणि मी, नववा महिना लागलेला, फुटपाथवर उभी राहून बघत होते. बाजूनं आई उतरली. हातात तीच बॅग, सुतळी सोडलेली, आतून रिकामी. तिनं ती फुटपाथवर गादीला टेकवून उभी केली. फ्राऊ केलर यांनी नियमाप्रमाणे आत डोकावून बघितलं आणि चालेल अशी मान डोलावली.

"अहो आई, जाताना सामान कशात न्याल?" संजयनं विचारलं.

"जायचं तवा बघू," आई म्हणाली. "हिचं बाळंतपण व्हायचंय, तवर मी कुठं जातेय?"

गाडी आली. दोन माणसांनी बॅग उचलून आत भिरकावली आणि गाडीनं ती चिरडली. आईनं त्यांना हात हलवला. माझं घर कुठलं, असं आजही कुणी विचारलं की मी दोन्ही गावांची नावं घेते. पण श्टुटगार्टजवळचं ते गाव माझं झालं ते त्या सकाळी, फुटपाथवर.