एक नंबरची कॅरव्हॅन

आमचा कॅरव्हॅन पार्क म्हणजे समुद्राकाठी वाळूत उभे केलेले आठ डबे. आई त्यांना डबेच म्हणायची. बाबा आखातात, वादी कबीरच्या एका गॅरेजात मेकॅनिक होते, तेव्हा तिथल्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, कुठल्याशा बांधकाम कंपनीच्या मोडक्या कॅरव्हॅन उचलून आणल्या. बाबांनी त्या दुरुस्त केल्या. अर्बाबने आपली किनाऱ्यावरची जमीन दिली आणि म्हणाला, "यल्ला, आता तूच सांभाळ." मग बाबांनी आईला आणि मला रत्नागिरीहून बोलावून घेतलं.

सांभाळलं म्हणजे काय, कौतुक बाबांचं झालं आणि कंबरडं आईचं मोडलं. आठ डब्यांच्या चादरी, आठ मोऱ्या, आणि झाडलं की तासाभरात परत दारात हजर होणारी ती मेली वाळू. थंडीत पार्क गच्च भरायचा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की आत कोणी पाय ठेवत नसे.

एक नंबरची कॅरव्हॅन अगदी पाण्यासमोर होती. आई दर वर्षी म्हणायची, "अहो, मला एकदा एक नंबरात राहायचंय. पाहुणी म्हणून. चहा तुम्ही आणून द्यायचा."

बाबा हसायचे. "सीझन संपू दे गो."

सीझन संपला की उन्हाळा! हे मला शाळेत असताना कळत होतं, तर बाबांना कळत नसेल थोडंच?

मी अल् खुवैरला नोकरीला लागले आणि त्याच वर्षी आईचं दुखणं निघालं. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशनसाठी मुंबईला जायचं ठरलं. मग मात्र मी बाबांवर डाफरले, "जायच्या आधीचा शुक्रवार एक नंबर आईचा. बुकिंग घेतलंत तर याद राखा!"

आईने ट्रंकेतली फुलाफुलांची नवी चादर काढली आणि सकाळीच एक नंबरात घालून आली. आमच्या खोलीपासून चाळीस पावलांवर जायचं, तर बाईने चक्क बॅग भरली. गाऊन, गोळ्या, फणी, एक जुना दिवाळी अंक. "पासपोर्ट घेतलास का?" मी चिडवलं, तर चक्क लाजली.

दुपारी तीनला रुस्ताकहून एक कुटुंब आलं, न कळवता. नवरा-बायको, चार पोरं आणि एक म्हातारी. गाडीतून उतरून ती गुडघ्याला हात लावून तशीच उभी राहिली. दर वर्षी येणारी माणसं ती, आणि बाकीचे सातही डबे भरलेले. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. दारात आलेल्याला नाही म्हणायला आमच्या घरात कोणाची जीभ वळत नाही. चावी माझ्या हातात होती. एवढी डाफरणारी मी, मीच ती देऊन टाकली.

आई तोवर बॅग घेऊन बाहेर आली होती. "अगं, म्हातारी दमलीय बिचारी. मी काय, इथलीच," असं म्हणाली, आणि त्यांच्यासाठी जास्तीच्या उशा काढायला गेली. तिच्या नव्या चादरीवर ती म्हातारी झोपली.

चार दिवसांनी आई मुंबईला गेली. परत आलीच नाही.

त्या चावीवरून मी स्वतःला फार खाल्लं. बाबांचाही रागच यायचा. ते का नाही बोलले? पण विचारलं कधी नाही. दोघंही सीझनमागून सीझन चादरी बदलत राहिलो, ते रोज आणि मी सुट्टीच्या दिवशी येऊन.

मग अर्बाब गेला. त्याच्या मुलांना त्या जागेवर हॉटेल बांधायचं होतं. पोरं चांगली, बाबांना मिठी मारून सांगितलं त्यांनी. पण खलास म्हणजे खलास. गेल्या आठवड्यात क्रेन आली. पहिला एक नंबरच उचलला. बाबा आणि मी बाजूला उभे होतो, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"बाबा, चावी मी द्यायला नको होती."

"तू दिलीस म्हणून मी सुटलो," ते म्हणाले. डबा ट्रकवर टेकेपर्यंत ते तिकडेच बघत होते. "हॉस्पिटलात तिने विचारलं होतं मला. शेवटच्या आठवड्यात. एक नंबर रिकामा आहे का हो, म्हणून."

तेव्हा मे महिना होता. आठच्या आठ डबे रिकामे होते. बाबाच तर कुलपं घालून मुंबईला गेले होते.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, रिकामा कुठला गो! सगळं फुल आहे." बाबांना रडू फुटलं. "धंदा जोरात चाललाय असं ऐकून तिला बरं वाटेल, असं वाटलं मला."