ठोकेबाई आणि त्यांचं पावणं

ठोकेबाई नमस्कार घ्यायच्या आधी मनगट घ्यायच्या. शाळेच्या फाटकात गाठ पडो की भाजी मंडईत, त्यांची दोन बोटं आपल्या नाडीवर आणि नजर घड्याळावर. पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारनं गुणायचं आणि भर रस्त्यात निकाल सांगायचा. "अठ्ठ्याऐंशी! चालत आलीस का पळत?" त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं.

आमच्या मुलींच्या शाळेत त्या दिवसा विज्ञान शिकवायच्या आणि संध्याकाळी फुटबॉल. फुटबॉलवरून कोल्हापुरातल्या पेठा एकमेकींशी बोलायच्या बंद होतात, हे मी कुणाला सांगायला नको. पण मुलींचा संघ काढला म्हटल्यावर बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्याच पेठा एकमुखानं म्हणाल्या.

वर्गात त्यांची पुस्तकी मराठी दहा मिनिटं टिकायची. नॉरॲड्रिनॅलिनच्या दिवशी पाचच टिकली. 'ताण आला की मेंदू व मज्जातंतू हे रसायन सोडतात' एवढं फळ्यावर लिहून त्यांनी खडू टाकला. "ह्ये आपलं पावणं! आलं की घरात निस्ती धांदल. काळीज पळाय लागतंय, डोळं मोठं व्हत्यात, पोटातली चूल बंद, तोंडाला कोरड, हाताचं तळवं घामानं गार. पण ध्यान कसं लागतंय बघा! बॉलबिगर काय दिसतच न्हाई." परीक्षेत निम्म्या वर्गानं उत्तरात 'पाहुणे' लिहिले. बाईंनी हसत हसत मार्क कापले.

सामन्याआधी त्या आम्हाला ओळीत उभं करून एकेकीचं मनगट धरायच्या आणि विचारायच्या, "आलं का पावणं?" जिची नाडी निवांत, तिला म्हणायच्या, "तू भाईर बसून शेंगा खा."

मी गोलकीपर. माझ्याकडं पावणं जरा जास्तच यायचं, आणि मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. थरथर दिसू नये म्हणून मी हातमोजे घरूनच घालून यायची. आंतरशालेय फायनल बरोबरीत सुटली, टायब्रेकरचे पाच-पाच फटके आले, बाहेर हलगी कडाडायला लागली. मी रडत बाईंकडं गेले. म्हटलं, "बाई, मला बदला. मी लई भ्यालोय." (आमच्याकडं बायकाही 'भ्यालो'च म्हणतात.)

बाईंनी माझी नाडी बघितली नाही. माझा हातमोजा ओढून काढला आणि स्वतःचं मनगट पुढं केलं. "मोज."

त्यांची नाडी तोवर कुणीच धरली नव्हती. पंधरा सेकंदांत छत्तीस! मी गुणाकार केला आणि त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. अख्ख्या मैदानावर आवाज चढवणारी ही बाई माझ्याइतकीच भ्यायली होती.

"एकशे चव्वेचाळीस," मी म्हटलं.

"मग? मी चाललोय व्हय घरला? भ्या म्हंजे अंगानं केलेली तयारी हाय. जा, हुबी ऱ्हा."

मी चार गोल खाल्ले आणि पाचवा फटका उजवीकडं झेप घेऊन अडवला. आम्ही जिंकलो! ढीगभर मुली अंगावर पडल्या, तर बाई ओरडतायत, "आडव्या व्हा आधी! सावकाश श्वास सोडा. पावण्यास्नी निरोप द्या. मुक्कामाला ऱ्हायलं तर झोप उडवत्यात, चिडचिड करत्यात, घराची रया जात्या." कप हातात घ्यायच्या आधी आम्ही गवतावर पडून श्वास सोडत होतो.

पुढं मी त्याच शाळेत शिक्षिका झाले, संघही माझ्याकडं आला. बाई निवृत्त झाल्या आणि हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी ठोके आवरणारी गोळी सुरू केली. मी भेटायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलंच नाही. म्हणाल्या, "साठाच्या वर जाईना गं. काळजाचं दारच लावून घेतलंय गोळीनं. पावणं येत न्हाईत, मग नाडी बघून तरी काय करू?" मला फार वाईट वाटलं. या बाईचं जगणंच धडधडीवर चालायचं.

यंदा माझ्या संघाच्या मुली फायनलला गेल्या. बसून बघायची परवानगी डॉक्टरांकडून काढली आणि बाईंना रिक्षातून मैदानावर आणलं. पुन्हा टायब्रेकर! माझी गोलकीपर माझ्याकडं बघत होती, तिला मी माझं मनगट मोजायला दिलं. ती गेली आणि शेवटचा फटका तिनं दोन्ही मुठींनी परतवला. हलगी, गुलाल, आरडाओरडा. मी पळत बाईंकडं गेले आणि आधी त्यांची नाडी धरली.

पंधरा सेकंदांत पंधरा. साठ. फक्त साठ. माझा चेहरा पडला असावा.

"नाडी काय बघतीस, येडे? तळवा बघ!"

मी तळवा उघडला. घामानं चिंब होता. दोन्ही हात तसेच, कपाळही. बाईंचे डोळे हे एवढे झाले होते, आणि हलगीच्या वर त्यांचा आवाज चढला:

"आल्यात गं! मागच्या दारानं आल्यात!"