चंदेरी पोशाख तिचे नव्हते

माझी मैत्रीण मंजिरी गेल्याचं कळलं तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकला होता आणि त्याखाली तिचं नाव लागलेल्या एका सिनेमातल्या चंदेरी पोशाखाचा. रडू नंतर आलं, आधी संताप आला... कारण तो पोशाख तिने केलेलाच नव्हता.

नाटकांची वेशभूषा करण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. मग एका विज्ञान कादंबरीवर सिनेमा निघाला आणि ते काम तिच्याकडे आलं. कादंबरीतली माणसं पाणी आटल्यावर जमिनीखाली राहायला गेलेली, नवं कापड विणणारं कुणी उरलेलं नाही. मंजिरीने नारायण पेठेतल्या आपल्या घरात जुन्या चादरी, पडदे जमवले. ती ते उन्हात विटवायची, चहाच्या पाण्यात बुडवायची, दगडावर घासायची. म्हणायची, "भविष्यातल्या माणसाचाही शर्ट उसवतोच ना गं?" दिग्दर्शक खूश होता. निर्मात्याने कपडे पाहिले आणि विचारलं, "मॅडम, हे फ्यूचर आहे. सगळे गरीब का दिसतायत?"

"गरीबच आहेत ते. पुस्तक वाचलंत का आपण?"

शूटिंगच्या तोंडावर मुंबईहून चकचकीत चंदेरी रबरी सूट आले. तिने आपलं नाव काढायला सांगितलं, पण ते पडद्यावर तसंच राहिलं. पुढे त्याच सूटसाठी तिला पुरस्कार जाहीर झाला. ती घ्यायला गेली नाही, तर लोकांनी तिला शिष्ट ठरवलं. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधल्या नर्सनेही कौतुकाने विचारलं, "ते चमकणारे कपडे तुमचेच ना?" मंजिरीने नुसती मान हलवली, नाही म्हणून. नर्सला तो विनय वाटला. नर्स खोलीबाहेर गेल्यावर मंजिरी मला म्हणाली, "किती जणांना सांगत बसू गं..."

शोकसभेतही त्या सूटांचंच कौतुक. मी उठून खरं काय ते सांगितलं. सूत्रसंचालक हळूच म्हणाले, "अहो, ही ती वेळ नव्हे."

परवा तिच्या घरी गेले. तिचा नवरा श्रीकांत याने तिच्या खोलीतलं काही हलवलेलं नाही. शिलाई मशीनमागे त्या सिनेमाच्या नायिकेसाठी शिवलेला कोट टांगला होता, विटका, ठिगळांचा. मी तो उलटून पाहिला. आत मऊ, जांभळ्या इरकलीचं अस्तर होतं, हातशिलाईने लावलेलं.

"तिच्या आईची साडी," श्रीकांत म्हणाला.

कॅमेऱ्यात ते अस्तर कधीच दिसणार नव्हतं.