प्रागच्या घड्याळातल्या बाहुल्या

दुबईहून मुलाने आम्हाला प्रागला फिरायला नेलं. तिथल्या जुन्या घड्याळात तासाचा ठोका पडला की बाहुल्या बाहेर येतात. मला त्याच बघायच्या होत्या. ऐन वेळी लघवीला लागली. समोरच्या बिअरच्या दुकानात काही घेतल्याशिवाय शौचालयात सोडत नव्हते. मुलाने बिअर घेतली. तो पीत नाही, सूनही पीत नाही. टाकायची कशी, म्हणून मीच प्यायले. बाहेर आले तर बाहुल्या आत गेलेल्या.

पुढच्या तासाला त्या बिअरनेच पुन्हा लागली.

“आई, यल्ला, पळा!” सून दुबईच्या सवयीने अरबीत घाई करत म्हणाली.

“आजी, नॉट अगेन!” नातू ओरडला.

आता घरी नातू पाहुण्यांना घड्याळाचा व्हिडिओ दाखवतो. त्यात खाली मी दुकानाकडे पळतेय. पाहुणे मलाच बघून हसतात. मी तेवढ्यात बाहुल्या बघून घेते.