जोडीनं टूरिंग

नव्वदच्या दशकात बहरीनमधल्या हूऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगखालून दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, एका वसईकराची स्वारी निघायची. नाव मी कधी विचारलं नाही. मोटरसायकल उंच, वाळवंटात दामटण्याची. दोन्ही बाजूंना पेट्या, पाण्याचा कॅन, भर उन्हात अंगात जाड जॅकेट. बहरीन तासाभरात संपतं, पण थाट लडाखला निघाल्याचा! मागच्या सीटवर बायको, सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स.

"टूरिंगला असा पार्टनर हवा," तो मला ऐकवायचा. "मी रस्ताभर बोलतो, ही मान हलवते. मधे एक शब्द बोलत नाही."

एकदा लिफ्टमध्ये मी तिला विचारलं, "वहिनी, एवढ्या उन्हात त्रास नाही होत?"

"छे हो! हेल्मेटमध्ये ह्यांचं एक अक्षर ऐकू येत नाही. आठवड्यात तेवढाच आराम."

महिन्याभरात त्यानं दोन्ही हेल्मेटं जोडणारा इंटरकॉम आणला. वायर ताणून दाखवत म्हणाला, "खलास! आता एक शब्द वाया जाणार नाही."

त्याच आठवड्यात वहिनींनी शुक्रवारची शिफ्ट मागून घेतली. मागच्या सीटवर तंबू आला. तोही मधे बोलत नसे.