काळं म्हणजे पाणी

“त्या केशोरीवाल्या बाबाची ब्लॅडर भरलीच नाही म्हणते. अजून पाणी दे त्याले,” काउंटरवरची बाई नर्सला सांगत होती.

केशोरीवाले बाबा म्हणजे माझे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ. रिपोर्ट इंग्रजीत येणार म्हणून गोंदियाच्या सोनोग्राफी सेंटरवर त्यांच्यासोबत मला पाठवलं होतं. त्यांना नेमकं काय होतं, हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. त्रास ‘बाहेर जाण्या’चा, एवढंच कळलं होतं. घरी तसंच म्हणत, माझ्या शाळेत ‘वॉशरूम’. खरा शब्द मी मोठ्या माणसांसमोर कधी उच्चारलाच नव्हता.

बाकांवर सगळ्या पोटुशा बाया. त्यांतल्या एका सासूने मोठ्या बाबांकडे बघत सुनेला विचारलं, “या बाबाले कितवा लागला?” बाया हसल्या. मोठे बाबाही हसले आणि त्यांनी बाटली तोंडाला लावली. बाटलीतलं पाणी कमी झालं नाही. ते नुसते ओठ ओले करत होते.

शेवटी कंटाळून डॉक्टरांनी तसंच आत बोलावलं. मला दाराशी उभं केलं. खोलीत अंधार होता, एसीची घरघर होती आणि पडद्याचा निळसर उजेड मोठ्या बाबांच्या उघड्या पोटावर पडला होता. डॉक्टरांनी जेली लावून यंत्र टेकवलं आणि पडदा काळा झाला. मला वाटलं मशीन बंद पडली.

“काला मतलब पानी,” डॉक्टर म्हणाले. “पूरी भरी है, बाबा.”

मोठे बाबा आश्चर्याने पडद्याकडे बघत राहिले. थांबायला सांगितलं होतं तरी ते आत्ताच जाऊन आले होते. “मले तर काहीच वाटून नाही राहिलं,” ते म्हणाले. एवढं काळं त्यांच्या आत साचलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्या काळ्याच्या तळाशी काहीतरी करडं, गोल, वर डोकं काढून बसलेलं होतं. ती प्रोस्टेट, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ते दार अडवून बसलेल्या प्राण्यासारखं वाटलं.

आता रिकामं होऊन या, मग पुन्हा बघू, असं म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाठवलं. तरीही आत उरलंच तर आज नळी टाकावी लागेल, नाहीतर किडनीवर दाब येतो, हेही सांगितलं. नळी म्हटल्यावर मोठ्या बाबांचा चेहरा उतरला. केशोरीत त्यांच्या गल्लीतला एक जण अशी नळी आणि पिशवी लावून घरी आला होता. तेव्हापासून त्याला कोणी लग्नालासुद्धा बोलावत नव्हतं.

संडास बोळाच्या टोकाला होता. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. आत कोणी नसावंच, इतकं शांत. मग धार सुरू झाली. एकसारखी, कुठे न अडखळणारी, बादलीत पडणारी. माणसाची धार अशी नसते. ती एकदम थांबली, नळाची चावी करकरली आणि मोठे बाबा बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “चाल पोरी.”

पडद्यावरचं काळं तेवढंच होतं. कडासुद्धा त्याच. मधल्या वेळात जणू त्या खोलीतून कोणी गेलंच नव्हतं.

“हुई ना?”

“झाली ना, साहेब. चांगली झाली.”

डॉक्टरांनी एकदा पडद्याकडे, मग दाराकडे बघितलं. बाहेर बाया खोळंबल्या होत्या. पाणी जास्त प्यायलं की कधी कधी लगेच पुन्हा भरते, असं ते म्हणाले. गोळ्या घ्या, महिन्याने परत करू. त्यांनी पोट पुसायला कागद दिला. मोठ्या बाबांनी सुस्कारा टाकला आणि सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

महिनाभर ते काळं घेऊन ते केशोरीत हिंडणार होते, काही न वाटता.

मी अंधारातच, दाराला धरून म्हणाले, “यांना लघवी झालेली नाही. मी बाहेरच होते. तो नळाचा आवाज होता.”