दारात येईल त्याचं तोंड

प्रेमिला राहांगडालेच्या अंगणवाडीतली पोट्टी दारात येईल त्याचं तोंड वाचतात, आणि याला एक बकरी जबाबदार आहे. हसू नका, खरं सांगतोय.

सडक अर्जुनीजवळच्या त्या गावात प्रेमिला सून म्हणून आली तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, मला घरात बसवत नाही. रोवणी केली, कापणी केली, आणि अंगणवाडीची जागा निघाली तसा अर्ज टाकून मोकळी झाली. आज गावातली निम्मी तरुण पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली आहेत.

गेल्या वर्षी प्रशिक्षणात सांगितलं, लेकरांना नुसती बाराखडी नको, मनातलंही ओळखता आलं पाहिजे. सोबत चेहऱ्यांचा झकास तक्ता मिळाला. तिनं तो हौसेनं दारापाशी टांगला, आणि दुसऱ्याच दिवशी अंगणवाडीतल्याच फागूच्या घरची बकरी येऊन राग आणि भीती दोन्ही चघळून गेली. आनंद तेवढा उरला, तोही कुरतडलेला. आता हे वरच्या मॅडमना कोणत्या तोंडानं सांगायचं? प्रेमिला म्हणाली, मरो तो तक्ता, गावात तोंडं काय कमी हायेत?

झालं! कोणी दारात आलं की ती विचारायची, "कसं तोंड हाये?" आणि पोट्टी सांगायची. नियम असा की आपलं तोंड ओळखलं गेलं तर खरं सांगायचं, लपवायचं नाही. पुढचा इलाजही ठरलेला. राग आला तर पाणी प्यायचं, भेव लागलं तर कोणाचा हात धरायचा, रडू आलं तर कोणाला तरी टेकून बसायचं. सरपंच एकदा तणतणत आले आणि मुकाट्यानं तांब्याभर पाणी पिऊन परत गेले. घरोघरी मनातलं लपवणारे आजे-आज्या पकडले जाऊ लागले, गावाची नुसती धमाल.

अशातच भूमेश्वरीला, म्हणजे प्रेमिलाच्या एकुलत्या एका लेकीला, पाहायला पाहुणे येणार होते. पोरीनं आधीची स्थळं नाकारलेली. हे तरी जमावं म्हणून प्रेमिलाचा जीव टांगणीला लागला होता. त्यात अंगणवाडीचं छत दुरुस्तीला काढलेलं, म्हणून पोट्टी तिच्याच ओसरीवर. पाहुणे दुपारी यायचे होते, पण मुलाचे मामा चुन्नीलाल यांना गोंदियाहून गाडी पकडायची होती, म्हणून वरात सकाळीच दारात हजर. आता पोट्ट्यांना कुठं लपवणार? "आज तोंडं वाचायची नाई," असं बजावून प्रेमिलानं सगळ्यांच्या ओंजळीत मुरमुरे ओतले.

मुरमुरे संपेपर्यंत पोट्टी गप्प होती. मग चार वर्षांच्या मंगलीनं मुलाकडे, दुर्गेशकडे, नीट पाहिलं. तो गोंदियात राईस मिलची मशीन सांभाळणारा धिप्पाड गडी.

"याले भेव लागून राहिलं," मंगली म्हणाली आणि उठून त्याचा हात धरून बसली.

दुर्गेशनं आधी आईकडे पाहिलं. आई कुंताबाई तालुकाभर कडक म्हणून प्रसिद्ध, तिची भुवईसुद्धा हलली नाही. "हो," तो म्हणाला, "लागून राहिलं खरं."

तेवढ्यात भूमेश्वरी चहा घेऊन आली. तोंड दगडासारखं. नकार देताना पोरगी अशीच दिसायची.

"ताईले हासू येऊन राहिलं," फागूनं जाहीर केलं. "दाबून राहिली."

भूमेश्वरी अशी फुटली की चहा कपांतून बशीत आणि बशीतून मामांच्या धोतरावर. दुर्गेश हसला, प्रेमिलाचा नवरा हिरालाल हसला, मामा धोतर झटकत म्हणाले, "आता आनखी काय इचारायचं? जमलं समजा."

सगळी ओसरी खिदळत होती. मंगली मात्र प्रेमिलाकडे बघत होती.

"मॅडमले रडू येऊन राहिलं."

"नाई वो बाई, डोळ्यात कचरा गेला."

"खरं सांगायचं असते," मंगली म्हणाली.

नियम तिनंच केलेला. "हो," प्रेमिला म्हणाली, "येऊन राहिलं. रोज देवाले म्हणत होते का जमू दे. आन जमलं तर मले भेव लागलं. ही गेल्यावर घर खायले उठन."

हे तिनं हिरालालपाशीसुद्धा कधी काढलं नव्हतं. मंगलीनं दुर्गेशचा हात सोडला. टेकायला सगळ्यांत भरभक्कम माणूस कोण ते पाहिलं, आणि सरळ कुंताबाईचा पदर ओढत तिला प्रेमिलाजवळ आणून बसवलं. "टेकू दे तिले," तिनं फर्मावलं.

प्रेमिलानं भीत भीत खांदा टेकवला. कुंताबाई ताठच बसली होती. मग हळूच म्हणाली, "माही पोरगी सासरी गेली तवा मीबी कचराच सांगतला होता. कोनी पुढं इचारलंच नाई."

कुंताबाईला राग आला समजून फागू धावत पाण्याचा तांब्या घेऊन आला. जवळून तिचं तोंड पाहिलं, इलाज चुकला म्हणून तांब्या खाली ठेवला, आणि तिच्या दुसऱ्या अंगाला टेकून बसला.